घरच्या संगणकाचा बॅकअप : दुसरी प्रत कुठे ठेवावी?

घरच्या संगणकात नेमके काय साठले आहे, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. लग्नातील छायाचित्रे, मुलांच्या बालपणीच्या चित्रफिती, प्राप्तिकर विवरणपत्रांच्या प्रती, सोसायटीचे हिशेब, आजीच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या असे बरेच काही एकाच डिस्कवर असते. विंडोज पुन्हा टाकता येते, प्रोग्रॅमही पुन्हा उतरवून घेता येतात. या फायली मात्र बाजारात मिळत नाहीत. म्हणून कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हे पाहण्याआधी, काय गेले तर परत मिळणार नाही याची यादी करावी. जपण्याजोगा ऐवज डिस्कच्या क्षमतेच्या मानाने बऱ्याचदा लहानच निघतो.

बॅकअप म्हणजे मूळ फायलीपासून स्वतंत्र असलेली प्रत. 'स्वतंत्र' हा शब्द येथे महत्त्वाचा. आपल्याकडे एकच हार्ड डिस्क सी, डी, ई अशा कप्प्यांत विभागून देण्याची पद्धत रूढ झाली आणि 'डी'मध्ये ठेवलेले सुरक्षित, ही समजूत त्यातून आली. विंडोज नव्याने टाकताना ती खरी ठरते. डिस्कच बिघडली तर मात्र सर्व कप्पे एकदम जातात. गूगल ड्राइव्हसारख्या सेवांची गोष्ट निराळी. त्यांचे मुख्य काम सर्व उपकरणांवरील फायली एकसारख्या ठेवण्याचे. लॅपटॉपवर चुकून पुसलेली फाइल मोबाइलवरूनही नाहीशी होते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते; पण आपली चूक आपल्याला दोन महिन्यांनी कळली तर?

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला '३-२-१' हा नियम यासाठी सोयीचा आहे. मूळ धरून एकूण तीन प्रती, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर. शेवटची अट अनेकांना अतिरेकी वाटते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य तळमजले पाण्याखाली गेले. अशा वेळी संगणक आणि त्याच्याच टेबलाच्या खणात ठेवलेली बॅकअपची डिस्क यांचे भवितव्य वेगळे कसे असणार? चोरी आणि आग यांनाही हाच न्याय लागू पडतो.

मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने आणखी एक धडा दिला. तो संगणकातील फायली कुलूपबंद करून पैसे मागत असे आणि जोडून ठेवलेल्या बाह्य डिस्कवरील फायलींनाही सोडत नसे. त्यामुळे बॅकअपचे काम झाले की डिस्कची वायर काढून ठेवणे, हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

माध्यमांविषयी थोडे. एके काळी लोकांनी मोठ्या हौसेने छायाचित्रांच्या सीडी 'राइट' करून ठेवल्या. त्या तबकड्यांवरील रंगद्रव्याचा थर ऊन, उष्णता व दमटपणा यांनी खराब होतो आणि नव्या लॅपटॉपना सीडी ड्राइव्हही नसतो. अशा सीडी घरात असतील तर त्या वाचता येतात तोवर उतरवून घ्याव्यात. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यापुरता ठीक. एसएसडी वेगवान खरी, पण दीर्घकाळ विजेविना कपाटात पडून राहिल्यास तिच्यातील माहिती क्षीण होऊ शकते. शिवाय तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळवणे बहुधा अशक्य असते. बॅकअपसाठी अजूनही जुन्या धाटणीची फिरती हार्ड डिस्कच परवडते.

सर्वसाधारण कुटुंबासाठी दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात, असे आमचे मत आहे. एक घरी ठेवून तिच्यावर दर आठवड्याला प्रत घ्यावी; दुसरी बहिणीच्या किंवा मित्राच्या घरी ठेवावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी अदलाबदल करावी. परक्या घरी जाणारी डिस्क पासवर्डने कूटबद्ध केलेली असावी आणि तो पासवर्ड कागदावर लिहून स्वतःच्या घरी ठेवावा. विंडोजमधील 'फाइल हिस्टरी' किंवा मॅकवरील 'टाइम मशीन' पहिल्यांदा सर्व फायलींची व नंतर केवळ बदललेल्यांची प्रत घेते, जुन्या आवृत्त्याही राखते. दोनऐवजी एकच डिस्क आणि इंटरनेटवरील सशुल्क बॅकअप सेवा अशी जोडीही चालेल. माध्यमे वेगळी असावीत ही अट त्यात अधिक चोख पाळली जाते. मात्र अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर २०० जीबी चढवायला सुमारे ४४ तास लागतात, हे आधीच ध्यानात घ्यावे.

यानंतर उरते ती तपासणी, आणि नेमकी तीच टाळली जाते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक-व्यवसायातल्याच कंपनीत एका कर्मचाऱ्याकडून चुकून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. नित्याचा बॅकअप कित्येक दिवसांपासून होतच नव्हता आणि तशी सूचना देणारे ई-मेलही पोहोचत नव्हते, हे तेव्हा उघड झाले. सुमारे सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत हाती लागली म्हणून बाकीचे वाचले. घरी एवढा व्याप नसतो. वर्षातून दोनदा बॅकअपची डिस्क दुसऱ्याच संगणकाला जोडावी, चार-पाच फायली त्यावर उतरवून घ्याव्यात, त्या उघडून पाहाव्यात. एखादी चित्रफीत शेवटपर्यंत चालवून पाहावी.