फोनांतील शिदोरी

जव्हार हें मुकणे घराण्याच्या जुन्या संस्थानाचें राजधानीचें गांव. १९४८ सालीं तें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि १ ऑगस्ट २०१४ पासून हा मुलूख ठाणें जिल्ह्यांतून निघून नव्या पालघर जिल्ह्यांत आला. राज्यव्यवस्था बदलल्या, डोंगर आणि दऱ्या मात्र होत्या तेथेंच राहिल्या. जव्हार-मोखाड्याचे पाडे दूरदूर विखुरलेले आहेत. मनोऱ्याकडून येणाऱ्या लहरी मधला डोंगर अडवितो आणि पाड्यावर पोंचलेल्या माणसाच्या हातांतील फोन पुष्कळदां मुका होतो. अशा वाटेला लागणारा शहाणा मनुष्य शिदोरी बांधून घेतो. फोनाच्या बाबतींतहि तेंच करावें लागतें. माहितीचीं पानें ऐन वेळीं इंटरनेटवरून मागविण्याऐवजीं तीं ॲपच्या पोटांतच आधीं बांधून द्यावयाचीं, अशी ही युक्ति आहे.

ह्या युक्तीचा इतिहास फार जुना नाहीं. १० जुलै २००८ रोजीं ॲपल कंपनीनें आयफोनसाठीं ॲपांचें दुकान उघडलें आणि त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन अमेरिकेंत विक्रीस आला. दोहोंवर ॲप लिहिण्याच्या भाषा निरनिराळ्या. परंतु ॲपच्या आंत वेबचें पान दाखविणारी चौकट दोहोंनींहि दिली होती. तिला वेबव्ह्यू म्हणतात. त्याच सालीं कॅनडांतील निटोबी कंपनीच्या मंडळींनीं ‘फोनगॅप’ नांवाचें साधन काढलें. साध्या वेबपानांना ॲपचें आवरण घालणें हें त्याचें काम. २०११ मध्यें अडोबीनें ती कंपनी विकत घेतली आणि त्या साधनाचा गाभा ‘कॉर्डोव्हा’ ह्या नांवानें सर्वांस खुला झाला. पान एकदां लिहावें आणि सर्व फोनांत घालावें, हा लाभ कोणासहि मोह पाडणाराच होता.

अशा बांधलेल्या पानांवर पहिलें संकट आलें तें अक्षरांचें. पान सर्व्हरवरून येतें तेव्हां तें कोणत्या संकेतांत लिहिलें आहे हें सर्व्हर सोबत कळवूं शकतो. फोनांतल्याच फाइलीला असा निरोप्या नसतो. म्हणून पानाच्या माथ्यावर ‘यूटीएफ-८’ हा संकेत स्पष्ट नोंदवावा लागतो. तो राहिला कीं मराठी मजकुराच्या जागीं नाना चिन्हें चढविलेल्या रोमन अक्षरांची खिचडी दिसते. रिकामे चौकोन दिसले तर दोष संकेताचा नव्हे. फोनांत देवनागरी फाँटच नाहीं असें समजावें. अक्षरें दिसतात, परंतु ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या उजवीकडे पडतो आणि जोडाक्षरें फुटतात, अशा वेळीं अक्षरें जुळविणारी यंत्रणा अपुरी असते. २०१० च्या सुमाराचे पुष्कळ अँड्रॉइड फोन ह्या शेवटच्या दोन दुखण्यांनीं ग्रासलेले होते. अँड्रॉइडच्या मूळ भाषांच्या यादींत मराठी आली ती २०१४ मध्यें, ५.० ह्या आवृत्तीबरोबर.

दुसरें संकट नांवांचें. विंडोज आणि मॅक संगणक फाइलीच्या नांवांतील लहान व मोठें रोमन अक्षर सामान्यतः एकच मानतात; फोन तसें मानीत नाहींत. त्यामुळें कचेरींतील संगणकावर दिसलेलें चित्र फोनावर नाहींसें होई.

तिसरें आणि सर्वांत गहन संकट परवानगीचें. ॲपांतील एक पान शेजारच्या फाइली मोकळेपणीं वाचूं शकत असेल, तर बाहेरून शिरलेलें दुष्ट पानहि खासगी कागद वाचूं शकेल. ह्या भयानें कंपन्यांनीं एकेक दार लावून घेतलें. २०१२ च्या अँड्रॉइड ४.१ पासून एका स्थानिक पानाला दुसऱ्या स्थानिक फाइलींतून माहिती ओढण्याची मोकळीक आपोआप मिळेनाशी झाली. २०१४ मध्यें आयओएस ८ बरोबर ॲपलनें नवी, वेगवान चौकट दिली; परंतु ॲपच्या पोटांतलीं पानें ती प्रत्यक्ष फोनावर उघडीना. कोणीं तीं पानें तात्पुरत्या जागीं नकलून घेतलीं, कोणीं ॲपच्या आंत चिमुकला सर्व्हर बसविला. २०१५ च्या आयओएस ९ मध्यें खुद्द ॲपलनें मार्ग काढून दिला. २०२० च्या अँड्रॉइड ११ साठीं बांधलेल्या ॲपांना तर स्वतःच्या बांधणींतल्या फाइली सोडून फोनांतील इतर फाइली ह्या चौकटींत उघडण्याची परवानगी स्पष्टपणें द्यावी लागूं लागली.

ह्या सर्व प्रकारांत अडकलें होतें तें पान, आणि पान पुन्हां देतां येतें. डिसेंबर २०१९ मध्यें घडलें तें निराळें. २०१४ पासून अँड्रॉइडवरील ही चौकट फोनाच्या मूळ यंत्रणेपासून अलग होऊन परस्पर नवी होऊं लागली होती. क्रोम ७९ ह्या आवृत्तीबरोबर तिनें आपल्या साठवणीची जागा बदलली. जुन्या जागेंतील कित्येक नोंदी मात्र नव्या जागीं आणल्या गेल्या नाहींत. ज्या ॲपांनीं वापरणाऱ्याच्या नोंदी केवळ तेथेंच ठेविल्या होत्या, तीं एकाएकीं कोरीं दिसूं लागलीं. ॲप करणारानें एक अक्षरहि बदललें नव्हतें! सुमारें निम्म्या फोनांपर्यंत पोंचलेला तो प्रसार गूगलला थांबवावा लागला, आणि मागाहून दुरुस्ती निघाली.

शहरांत अशा चुकीचा बोभाटा लवकर होतो. नेटवर्कच्या बाहेर बालकाचें वजन नोंदवून पुढच्या पाड्याकडे निघालेल्या सेविकेजवळ मात्र ती नोंद म्हणजे एकमेव प्रत असूं शकते. ऑगस्ट २०२१ मध्यें महाराष्ट्रांतील अंगणवाडी सेविकांनीं सरकारी फोन परत केले, त्याचें कारण वेगळें होतें. फोन निकृष्ट आहेत आणि ‘पोषण ट्रॅकर’ मराठींत नाहीं, ही त्यांची तक्रार होती. परंतु त्या प्रसंगानेंहि हेंच दाखविलें कीं, साधन ज्याच्या हातीं जावयाचें त्याच्या भाषेंत आणि त्याच्याच वाटेवर तें आधीं तपासलें पाहिजे.

तेव्हां पान कोरें दिसलें कीं प्रथम पानालाच दोष देऊं नये. नेटवर्क बंद करून पाहावें. फाइल बांधणींत आहे काय, तिचें नांव अक्षरशः जुळतें काय, संकेत नोंदविला आहे काय, परवानगी आहे काय आणि चौकट कोणत्या आवृत्तीची आहे, हें क्रमानें विचारावें. आणि माणसांच्या नोंदी असतील तेथें त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या जागीं ठेवावी. शिदोरी संपली तर पुन्हां बांधतां येते. तपासलेल्या बालकाचें त्या दिवसाचें वजन पुन्हां घेतां येत नाहीं.