पहिला बोर्ड कुठला? एका सांध्याची गोष्ट, खडकवासल्याच्या काठावरून

गेल्या महिन्याभरात तुमच्यापैकी तिघा-चौघांनी जवळपास एकच प्रश्न पाठवलाय. "विंडसर्फिंग शिकायचंय. पुण्यात राहतो. पहिला बोर्ड कुठला घेऊ?" आपला पॉडकास्ट इतिहासाचा, त्यामुळे आधी वाटलं की हा प्रश्न आपल्या दुकानातला नाही. पण वाचायला बसलो तर लक्षात आलं, याचं उत्तर इतिहासातच आहे. कुठला बोर्ड घ्यायचा, हे ज्याला या खेळाची साठ वर्षांची भांडणं ठाऊक आहेत त्याला पटकन कळतं. ज्याला नाहीत, तो यूट्यूबवर लाटांवरून उडणारा माणूस बघतो आणि तसाच बोर्ड शोधायला लागतो.

तर आधी गोष्ट.

साधी शिडाची होडी डोळ्यांसमोर आणा. डोलकाठी होडीत घट्ट रोवलेली असते आणि दिशा बदलायला मागे सुकाणू असतं. आपल्या कोकणात शेकडो वर्षं गलबतं अशीच चालली. विंडसर्फिंगच्या बोर्डाला सुकाणूच नसतं. डोलकाठी बोर्डावर उभी असते, पण रोवलेली नसते. तळाशी एक सांधा असतो आणि त्यावर ती कुठल्याही बाजूला कलते, वाटेल तशी फिरते. तिला उभं धरतो तो माणूस. काठी पुढे झुकवली की बोर्डाचं नाक वाऱ्यापासून दूर वळतं, मागे झुकवली की वाऱ्याकडे वळतं. म्हणजे डोलकाठी, शीड आणि सुकाणू ही तिन्ही कामं तुमच्या दोन हातांत. सगळा शोध त्या सांध्यात आहे.

आता हा शोध कोणाचा? इथेच भांडण सुरू होतं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात न्यूमन डार्बी नावाचा गृहस्थ १९६४ साली एक फळी आणि पतंगासारखं चौकोनी शीड घेऊन पाण्यात उतरला. बायको नाओमी सोबत होती. ऑगस्ट १९६५च्या 'पॉप्युलर सायन्स' मासिकात त्यानं सगळं लिहून टाकलं, घरी कसं बनवायचं त्यासकट. पेटंट घेतलं नाही.

तिकडे कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉईल श्वाइट्झर हे दोन मित्र. ड्रेक विमानांचा इंजिनिअर, श्वाइट्झर सर्फिंगवेडा आणि धंद्याची जाण असलेला. ड्रेकनं तो फिरता सांधा आणि शिडाच्या दोन्ही बाजूंनी धरायची कमानीसारखी दांडी, म्हणजे बूम, बसवली. १९६८ साली दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९७०मध्ये ते मिळालं. १९७३मध्ये ड्रेकनं आपला अर्धा हिस्सा छत्तीस हजार डॉलरला श्वाइट्झरला विकला. पुढच्या दहा वर्षांत युरोपात हे बोर्ड प्रचंड खपले, हे लक्षात घेतलं की तो आकडा चांगलाच टोचतो.

मग युरोपातल्या कंपन्या आणि श्वाइट्झर यांच्यात कोर्टकचेऱ्या. इंग्लंडमधल्या खटल्यात साक्ष निघाली ती पीटर चिल्व्हर्सची. १९५८ साली हेलिंग बेटावर, वय वर्षं बारा असताना, त्यानं प्लायवूडच्या फळीवर शीड लावून हाच प्रकार केला होता. तिथल्या अपील कोर्टानं पेटंट रद्द ठरवलं. एका शाळकरी पोरानं सुट्टीत केलेला उद्योग बड्या कंपनीच्या कागदाला भारी पडला. कायदा शिकणारी मुलं हा खटला आजही वाचतात.

पण तुमच्या खरेदीच्या दृष्टीनं महत्त्वाचा भाग याच्यापुढे आहे.

तो पहिला 'विंडसर्फर' बोर्ड बारा फूट लांब होता. जड, संथ, पण त्यावर कोणीही उभं राहू शकायचं. १९७६ साली रॉबी नॅश नावाचा तेरा वर्षांचा मुलगा याच बोर्डांच्या स्पर्धेत जगज्जेता झाला. सगळ्यांचा बोर्ड एकसारखा, त्यामुळे पैशावर कोणी जिंकत नव्हतं. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळ पोचला आणि नेदरलँड्सच्या स्टीफन व्हान डेन बर्गनं पहिलं सुवर्ण घेतलं. बॉलपेनवाली बिक कंपनीसुद्धा सेलबोर्ड बनवू लागली होती, यावरून लोकप्रियता कळेल.

आणि मग खेळ हुशार झाला. बोर्ड आखूड झाले, निमुळते झाले, वेगवान झाले. काही तर इतके लहान की थांबलात तर बोर्ड तुम्हाला घेऊन बुडणार. वारा जोराचा हवा, पाण्यात पडल्या पडल्या शीड वाऱ्यात धरून उठता आलं पाहिजे. मासिकांच्या मुखपृष्ठावर झकास दिसायचं. पण नवा माणूस दुकानात जायचा, तो छोटा सुंदर बोर्ड घ्यायचा, चार रविवार पाण्यात आपटायचा आणि बोर्ड गॅरेजमध्ये उभा करून टाकायचा. नव्वदच्या दशकात नवशिके आटत गेले. याला बाकीचीही कारणं होती, पण माझ्या मते मोठं कारण हेच: जाणकारांनी स्वतःसाठी सामान बनवलं आणि दार आतून लावून घेतलं.

ते दार उघडलं साधारण २०००च्या सुमारास, रुंद बोर्डांनी. थायलंडमधल्या स्टारबोर्ड कंपनीनं आखूड पण भरपूर रुंद बोर्ड काढले. गंमत म्हणजे या रुंद बोर्डांच्या कामात त्यांच्याबरोबर होता कोण? जिम ड्रेक! साठी-सत्तरीतला, छत्तीस हजारांत हिस्सा विकलेला तोच इंजिनिअर. २०१२मध्ये तो गेला. मला या सगळ्या इतिहासातला हा माणूस सगळ्यात आवडतो.

आता तुमचा प्रश्न. पहिला बोर्ड रुंद घ्या. ऐंशी ते नव्वद सेंटिमीटर. पाण्यावर किती तरंगतो हे लिटरमध्ये लिहिलेलं असतं. तुमचं वजन किलोत घ्या आणि त्यात साधारण शंभर मिळवा. पासष्ट किलोच्या माणसाला एकशे साठ-सत्तर लिटर. वर पाय घसरू नये म्हणून मऊ फोमचा थर हवा, आणि मधोमध पाण्यात उतरणारं पातं, सेंटरबोर्ड, हवंच हवं. ते नसेल तर हलक्या वाऱ्यात तुम्ही आडवे वाहत जाल आणि निघालात तिथे परत येणार नाही. शीड लहान: मोठ्या माणसाला चार ते पाच चौरस मीटर, शाळकरी मुलांना अडीच-तीन. मोठं शीड म्हणजे जास्त मजा असं वाटतं, पण पाण्यात पडलेलं मोठं शीड दोरीनं वर ओढताना कंबर काय म्हणते ते दहाव्या वेळेला कळतं.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पाण्याच्या वर तरंगत जाणारे फॉइल बोर्ड तुम्ही पाहिले असतील. आत्ता नाही. मे महिन्यात आपल्या धरणांचं पाणी ओसरतं, गाळ आणि जुन्या झाडांचे खुंट वर येतात. खाली लांब पातं लावून तिथे काय होईल हे सांगायला नको.

जुना बोर्ड मिळत असेल तर? जरूर बघा. नवा पूर्ण संच लाखांच्या घरात जातो आणि आपल्याकडे दुकानंही मोजकी. लांब, जाड, सेंटरबोर्डवाला जुना बोर्ड शिकायला उत्तम. फक्त आधी उचलून पाहा. अवाच्या सवा जड लागला तर आत पाणी शिरलंय. सेंटरबोर्ड वर-खाली सरकतो का बघा. आणि मग तो सांधा. बहुतेक सांधे रबराचे किंवा तशाच लवचीक प्लॅस्टिकचे असतात, उन्हात वाळतात. हातानं पूर्ण वाकवा आणि बाहेरच्या बाजूला बारीक भेगा दिसतात का पाहा. दिसल्या तर बदलूनच पाण्यात उतरा. ज्या तुकड्यासाठी खंडोखंडी खटले चालले तोच तुकडा काठापासून अर्ध्या किलोमीटरवर तुटला, तर शीड एकीकडे आणि तुम्ही एकीकडे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक पर्याय: हवा भरायचा बोर्ड, ज्याला डोलकाठी बसवायची जागा आणि मधलं पातं असतं. घट्ट बोर्डाइतका चपळ नाही, पण गुंडाळून कपाटात जातो. अडीच-तीन मीटरचा बोर्ड अ‍ॅक्टिव्हावरून सिंहगड रोडनं नेऊन दाखवा, मग बोलू.

खरं सांगायचं तर पहिले दहा-बारा तास काहीच विकत घेऊ नका. लाइफ जॅकेट मात्र पहिल्या दिवशीच, स्वतःच्या मापाचं. जुने बूट, अंगभर बाह्यांचा टी-शर्ट, बस. बाकी सगळं भाड्यानं, शिकवणाऱ्याकडून.

आणि इथे आपण अडतो. कारण भाड्यानं कुठे?

पुण्याला पाण्याची किंवा वाऱ्याची कमतरता नाही. एप्रिल-मेमध्ये दुपार कलली की पश्चिमेकडून वारा येतो, हे पुण्यात गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या कुणालाही माहिती आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८मध्ये शिमल्याहून इथे आलं, म्हणून तर तो शिमला ऑफिस चौक. खडकवासला धरण १८७९च्या सुमारास झालं, तेव्हा त्या तलावाला इंजिनिअर फाइफच्या नावानं लेक फाइफ म्हणत. १८६८चा रॉयल कॅनॉट बोट क्लब आजही बंडगार्डनजवळ आहे. खडकवासल्याच्या काठावरच्या जलसंशोधन केंद्रात तर देशभरातल्या बंदरांच्या लाटा मॉडेलवर तपासतात. समुद्र दीडशे किलोमीटर लांब, आणि त्याच्या लाटांचा हिशोब इथे!

त्याच तलावाच्या पलीकडच्या काठावर एनडीए आहे. तिथल्या पीकॉक बे मध्ये कॅडेट शिडाच्या होड्या चालवायला शिकतात, विंडसर्फिंगही करतात. अलीकडच्या काठावर, खडकवासला चौपाटीवर, आपण कणीस खातो. एकच पाणी, एकच वारा. तिकडे प्रशिक्षक, बचाव बोट, शिस्त. इकडे दर उन्हाळ्यात पोहायला उतरलेल्या मुलांच्या बुडण्याच्या बातम्या. सैन्याच्या जागेत सगळ्यांना सोडा असं मी म्हणत नाही. पण पुण्यातल्या एखाद्या साध्या घरातल्या मुलीला पाण्यावर नीट शिकायचं असेल तर तिनं कुठे जायचं, याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

धरणाचं पाणी पिण्याचं आहे, हे कारण नेहमी दिलं जातं. बरोबर आहे, मोटरबोटींचं तेल पाण्यात नकोच. पण शिडाला इंजिन नसतं. आणि भोपाळचा मोठा तलावही शहराला पाणी पुरवतो. त्याच्याच काठी नॅशनल सेलिंग स्कूल आहे. तिथे शिकलेल्या नेहा ठाकूरनं २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या होडीत रौप्य मिळवलं. समुद्र नसलेल्या राज्यातली मुलगी. त्याच स्पर्धेत इबाद अलीनं विंडसर्फिंगमध्ये कांस्य आणलं. आपल्याकडेही उदाहरण आहे: चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी गावातला दत्तू भोकनळ पुण्यात सैन्याच्या केंद्रात वल्हवायला शिकला आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकला गेला. फक्त त्यासाठी आधी सैन्यात जावं लागलं.

तेव्हा परवानगीशिवाय कुठल्याही धरणात बोर्ड टाकू नका. वळवाच्या दिवसांत तर नाहीच, कारण संध्याकाळी ढग आला की शांत वारा दहा मिनिटांत वादळ होतो.

आज तरी पुणेकरांसाठी सोयीचं ठिकाण गोवा. दोना पावलाच्या बाजूला शिडाचा खेळ रुजलेला आहे. डेन आणि कात्या कोएल्हो ही विंडसर्फर भावंडं गोव्याचीच. पाऊस संपल्यापासून मेपर्यंतचा काळ धरा. आणि शाळेतला भूगोल आठवा: खारे वारे आणि मतलई वारे. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येणारे खारे वारे, ते तुम्हाला पडलात तरी किनाऱ्याकडेच ढकलतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे. तेव्हा किनाऱ्याजवळ पाणी अगदी गुळगुळीत दिसतं, फोटो मस्त येतात, आणि नवशिका त्यातच आत आत वाहत जातो. म्हणून शिकायला दुपार, ताशी दहा ते अठरा किलोमीटर वारा. अंदाजात वीसच्या वर दिसला तर त्या दिवशी काठावरच बसा.

पहिला अर्धा तास वाळूवरच जाईल, हरकत नाही. पाण्यात गेल्यावर वारा पाठीवर घ्या, पाय डोलकाठीच्या दोन बाजूंना, पाठ सरळ ठेवून गुडघ्यांनी दोरी ओढा, शीड हळूहळू पाण्याबाहेर येऊ द्या. ते फडफडत राहील. राहू दे. दांडी धरायची घाई नको. काहीही झालं, शीड फाटलं, सांधा निघाला, वारा पडला, तरी बोर्ड सोडायचा नाही. त्यावर पालथं पडून दोन्ही हातांनी वल्हवत यायचं. हे शिकवणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी करून घ्या, आणि तो टाळाटाळ करत असेल तर दुसरा शिकवणारा बघा.