घर, कर्ज आणि कागद

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपली वडीलधारी मंडळी सांगत आली. दोन्हींचा खर्च कधी अंदाजात बसत नाही, आणि दोन्हींपायी माणूस कर्ज काढतो. आज घराच्या कर्जाची मागची कथा थोडी पाहू. सुरुवात पनवेल तालुक्यातल्या ओवे गावापासून करू.

ओवे हे खारघरच्या डोंगराजवळचे भातशेतीचे गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे व त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्यांत ओवेही होते. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली.

आज त्या शिवारात उंच इमारती आहेत. बाहेरून आलेला नोकरदार कर्ज काढून तिथे घर घेतो. गावातल्या माणसाने वाढत्या कुटुंबासाठी मूळ घराशेजारी खोल्या बांधल्या, मजले चढवले. या भागात त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. पण तो कर्जासाठी बँकेत गेला, की पहिला प्रश्न येतो, “कागद कुठे आहे?” ज्याच्या जमिनीवर शहर उभे राहिले, त्याचे स्वतःचे घर पुष्कळदा कागदावाचून अडते. अशा इमारतीत स्वस्त म्हणून खोली घेणाराही तिथेच फसतो.

कागदाची ही अडचण नवी नव्हे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा मुख्य रोख कशावर होता? कर्जरोख्यांवर! रोखे हिसकावून जाळण्यात आले. ज्या कागदावर अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे, हे बहुतेकांना वाचता येत नव्हते. चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्याचा रोखा ग्रामनिबंधकासमोर लिहावा, आणि न्यायालयाने रोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासावा, अशी सोय त्यात होती.

दुसरी वाट सहकाराची. १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. एकट्याला न पेलणारे घर दहाजणांनी मिळून पेलावे आणि हिशेब सगळ्यांपुढे मांडावा, हे या चळवळीचे सूत्र. सभासदाला सल्ला विचारायला हक्काची जागा मिळाली, हाही तिचा मोठा फायदा.

आता आजचा हिशेब बघा. ३० लाखांचे घर घ्यायचे आहे. बँकेने ९० टक्के, म्हणजे २७ लाख दिले असे धरू. उरलेले ३ लाख आपले. त्यावर मुद्रांक शुल्क. सहा टक्के धरले तरी १ लाख ८० हजार. नोंदणी फी ३० हजार. म्हणजे किल्ली हातात पडण्यापूर्वी ५ लाख १० हजार रुपये पदरचे हवेत. वकील, बँकेचे प्रक्रिया शुल्क, संस्थेची वर्गणी आणि सामान हलवणे हे निराळेच.

आणि व्याज? साडेआठ टक्के दराने २० वर्षांची मुदत घेतली, तर महिन्याचा हप्ता सुमारे २३,४३० रुपये आणि एकूण फेड सव्वाछप्पन्न लाखांच्या आसपास. मुदत १५ वर्षे केली तर हप्ता सुमारे ३,१६० रुपयांनी वाढतो, पण एकूण फेडीत आठ लाखांहून अधिक वाचतात. हप्ता लहान दिसतो, म्हणून कर्ज लहान होत नाही.

एक गोष्ट मात्र सुधारली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, कर्ज देणाऱ्याने व्याज आणि सर्व शुल्के धरून खरा वार्षिक दर एका पत्रकात लिहून द्यायचा असतो. तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. तेव्हा सहीपूर्वी हे पत्रक मराठीत मागा. नव्या इमारतीचा महारेरा क्रमांक तपासा. नव्या मुंबईत सिडकोने बहुतेक भूखंड ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. तेव्हा पट्ट्याची किती वर्षे उरली आणि सिडकोची ना-हरकत लागते का, तेही विचारा. यात लाजण्यासारखे काही नाही.

गुरुजनांना एक विनंती. वर्गात चक्रवाढ व्याज शिकवताना पुस्तकातल्या रामूश्यामूऐवजी एकदा या २७ लाखांचे उदाहरण घाला. मुले ते घरी सांगतील. सुप्याच्या शेतकऱ्यापुढे कागद जाळण्याची वेळ आली, कारण तो वाचून दाखवणारे विश्वासाचे माणूस त्याच्याजवळ नव्हते. आज ते माणूस प्रत्येक गावात आहे. ते म्हणजे शाळेतले गुरुजी, आणि शाळेत जाणारे आपलेच लेकरू.