दोन रकाने : परभाषा शिकण्याची आपली दोनशे वर्षे

वैनगंगेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबाला परभाषेचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, पोवार शेजाऱ्यांच्या अंगणात पोवारी, बैहरच्या बाजारात गोंडीचे चार शब्द, असा आपला दिवस जातो. भाषा बदलणे आपल्याला उंबरठा ओलांडण्याइतके सवयीचे आहे.

आता या घरांत मोबाइलवरून इंग्रजी शिकणारी नातवंडे आहेत. एखादी नात हौसेने स्पॅनिशही शिकते. अशा शिकवणीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : तुम्हाला कोणती भाषा येते? नातीचे बोट हिंदीवर किंवा इंग्रजीवर जाते. आजी शेजारी बसलेली असते आणि तिची मराठी त्या खेळात कुठेच नसते. ही गोष्ट साधी दिसते, पण तिच्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि आज मला तोच आपल्यापुढे ठेवायचा आहे.

आरंभ आपण नव्हे, परक्यांनी केला. विल्यम कॅरे यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० मध्ये कोश. त्यांना पंडित वैजनाथ यांचे साहाय्य होते. त्याच छापखान्यातून १८१६ मध्ये रघूजी भोसल्यांची वंशावळ मोडी लिपीत निघाली. त्या वेळी आपला हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्याच राज्यात होता, म्हणजे मराठी मुद्रणाच्या पहिल्या पुस्तकांत आपल्या राजघराण्याची कथा आहे.

पुढे मुंबईत शास्त्रीमंडळींनी १८२९ मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ सिद्ध केला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३१ मध्ये, जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आला. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे बंधू त्यांच्या मदतीला होते. पहिल्या आवृत्तीत सुमारे ४०,००० शब्द होते, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते सुमारे ६०,००० झाले. मुखपृष्ठावर नाव साहेबाचे असले तरी शब्द पुरवले, तपासले आणि अर्थ फोडून सांगितले ते पदरी असलेल्या शास्त्र्यांनी. हे काम एकट्याचे नव्हते, मंडळीचे होते, एवढे लक्षात असू द्या. पुढे त्याचा उपयोग होईल.

याच काळात बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले. मराठीतले पहिले वृत्तपत्र म्हणून आपण ते ओळखतो. त्याची मांडणी मात्र फारशी कोणी आठवत नाही. पानाला दोन रकाने होते, एकात इंग्रजी मजकूर, दुसऱ्यात मराठी. वर्तमान तर कळेच, पण ज्याला इंग्रजी शिकायचे त्याला एका रकान्यातून दुसऱ्यात ये-जा करता येई. डावीकडे अडले की उजवीकडे पाहावे. मराठी ही तिथे टाकून द्यायची पायरी नव्हती. तिच्यावर उभे राहूनच पलीकडचे पाहायचे होते.

हीच रीत पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने घरोघरी नेली. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी ती पुस्तके हाताळली असतील. आधी शब्द, मग नियम, मग इंग्रजीत करायची मराठी वाक्ये आणि मराठीत करायची इंग्रजी वाक्ये. शिकवणारा मास्तर नसला तरी ज्याला मराठी वाचता येते त्याला इंग्रजीचे दार उघडे, असा त्या पुस्तकांचा हिशेब होता.

आपल्या प्रांतात इंग्रजी आली ती नागपूरच्या वाटेने. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात पोहोचले आणि त्यांनी शाळा काढली. १८८३ मध्ये त्यांच्या नावाचे कॉलेज निघाले, १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज आणि १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ. १८६७ मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा झाला. पुढे गोंदियाहून छोटी रेल्वे आली आणि शिक्षणासाठी नागपूर गाठणे सोपे झाले. मध्य प्रांत हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांचा होता, त्यामुळे नागपूरला शिकणाऱ्याच्या वहीत बहुधा तीन रकाने असत.

आता विषय स्पॅनिशचा. आपल्याकडे हिचा काय संबंध, असे कोणी विचारील. तर आपल्याच जुन्या प्रांतातल्या वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे चरित्र पाहा. क्रांतिकार्यासाठी ते तरुणपणी देशाबाहेर पडले, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत उतरले. पहिल्या महायुद्धात ते इराणात लढले, तिथून युरोपात गेले आणि १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मका आणि गहू यांवर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा चालवल्या. हे सगळे स्पॅनिशमध्ये. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. देश स्वतंत्र झाल्यावर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे देहावसान झाले.

मेक्सिकोच्या शेतकऱ्याला बियाण्याची निवड समजावून सांगायची तर त्याच्याच बोलीत सांगावी लागते. ज्याच्याशी काम आहे त्याच्या सोबतीने ती भाषा येते. कोश आणि व्याकरण मदत करतात, पण जीभ सैल होते ती माणसांत.

इथे भाषेच्या घडणीविषयी थोडे सांगतो. मराठी माणसाला स्पॅनिश वाटते तितकी परकी नाही. आपण ‘मला आंबा आवडतो’ आणि ‘मला आंबे आवडतात’ म्हणतो. क्रियापद माझ्यामागे जात नाही, आंब्यामागे जाते. स्पॅनिशमध्येही नेमके असेच : एक आंबा असेल तर ‘मे गुस्ता’, अनेक असतील तर ‘मे गुस्तान’. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारा इथे हमखास अडखळतो, कारण इंग्रजीत आवडण्याचा कर्ता ‘मी’ असतो. दुसरे उदाहरण घ्या. ‘बोलतो, बोलतोस, बोलतात’ म्हटले की कोण बोलतो हे बहुधा वेगळे सांगावे लागत नाही. स्पॅनिशमध्ये ‘आब्लो, आब्लास, आब्लान’, तिथेही सर्वनाम गाळता येते. मित्राला ‘तू’ आणि मान्यवराला ‘ऊस्तेद’, हा आदराचा भेदही आपल्या ओळखीचा. यातले बरेचसे हिंदीतही आहे, हे खरेच. पण नात इंग्रजीतून स्पॅनिश शिकते तेव्हा तिच्या घरातच असलेली सोय तिला मिळत नाही. आजीला विचारले असते तर ‘मे गुस्ता’ पहिल्याच दिवशी उलगडले असते.

उलट, आपल्याकडे असलेले आणि त्या भाषांत नसलेलेही काही आहे. ‘आम्ही जातो’ आणि ‘आपण जाऊ’ यांत समोरचा माणूस धरला आहे की नाही, हा भेद इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये आणि हिंदीतही सर्वनामाने दाखवता येत नाही. मराठी रकाना वहीतून गेला की हा भेद आधी विसरला जातो आणि मग बोलण्यातूनही जातो.

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्याला ठाऊक आहे. राज्यांची पुनर्रचना झाली, भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्याच वर्षी राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यांना सांगितले गेले. कलम कागदावर राहते, मुलांचे बोट मात्र घरातल्या मोठ्यांच्या हातात असते. आपली मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकली, यात चूक काही नाही. मुलांच्या भाकरीचा विचार करणे आईबापांचे कर्तव्यच असते. प्रश्न इतकाच की नवी भाषा शिकताना जुनी शेजारी ठेवायची की बाहेर काढायची.

नव्या साधनांनी खरे तर शेजारी ठेवण्याची सोय वाढवली आहे. मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाने संगणकावर सर्वांना खुला केला आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. ‘टाटोएबा’ नावाचा एक खुला वाक्यसंग्रह आहे. जगभरातले लोक तिथे एक वाक्य टाकतात आणि दुसरे कोणी त्याखाली आपल्या भाषेतले वाक्य ठेवतात. त्यात मराठी वाक्ये घालणारेही आहेत. स्पॅनिश, इंग्रजी आणि मराठी वाक्य तिथे शेजारी उभे राहू शकते. ‘दर्पण’चीच ही रीत, फक्त रकाने वाढले आहेत आणि मजकूर भरणारी मंडळी जगभर पसरली आहे. ‘ड्युओलिंगो’ २०१२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याच्या दोन संस्थापकांपैकी एक, लुईस फॉन आन, ग्वातेमाला या स्पॅनिश बोलणाऱ्या देशातले. स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी इंग्रजी हा तिथल्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमांपैकी एक होता. आपल्या माणसांना इंग्रजी येत नाही म्हणून काय अडते, हे त्यांनी आपल्या देशात पाहिलेले होते, आणि शिकवणीची सुरुवात आपल्या माणसांच्या भाषेतून केली. जांभेकर आणि तर्खडकर यांनीही हेच केले होते.

तेव्हा वाचकहो, साधनांची उणीव राहिलेली नाही. उणीव असेल तर शास्त्रीमंडळींसारख्या सोबतीची. यंत्र चूक दाखवते, शंभर वेळा न कंटाळता पाठ घेते, पण घरातल्या मराठीची आठवण ते स्वतःहून करून देत नाही. ते काम आपले.

एक छोटी विनंती करून थांबतो. घरात कोणी इंग्रजी, स्पॅनिश किंवा आणखी कोणती भाषा शिकत असेल तर एक साधी वही आणा. पानाच्या मधोमध रेघ ओढा. एका बाजूला आजचे नवे वाक्य नात लिहील, दुसऱ्या बाजूला त्याचे मराठी आजी सांगेल. आजीला स्पॅनिश येत नाही आणि नातीला मराठी लिहिताना अडते. दोघी एकमेकींच्या मास्तर होतील. रोज पाच वाक्ये धरली तरी वर्षाला अठराशेहून अधिक होतात. त्यांतली चांगली निवडून जगासाठी खुली ठेवा. आपल्या बालाघाटी मराठीतले, शेताभातातले, वैनगंगेच्या पुराचे शब्द त्यांत येऊ द्या. ते कोणत्याही कोशकाराला मुंबईत बसून मिळणार नाहीत.