दीर्घकालीन ताण आणि परिदंत विकार

दीर्घकालीन मानसिक ताण आणि परिदंत विकार यांचा परस्परसंबंध हा दंतवैद्यक, रोगप्रतिकारशास्त्र आणि मानसशास्त्र या तीन शाखांच्या सीमेवरचा अभ्यासविषय आहे. बोलीभाषेत ‘पायोरिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिदंत विकारात हिरड्यांना दाह होतो आणि दातांना आधार देणारे जबड्याचे हाड हळूहळू झिजते. या विकाराची सुरुवात दातांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या थरामुळे होते. केवळ ताणामुळे तो उद्भवत नाही. तथापि महिनोन्महिने टिकणारा ताण जिवाणूंना शरीराकडून मिळणारा प्रतिसाद बदलतो आणि माणसाच्या सवयीही बिघडवतो, त्यामुळे विकाराची गती वाढू शकते. विविध प्रकारच्या ताणांपैकी पैशाच्या विवंचनेचा या विकाराशी असलेला संबंध विशेष ठळकपणे आढळला आहे. त्यामुळे शेतीवरील कर्ज आणि नापिकी हे ज्या भागातील ताणाचे मुख्य कारण आहे, त्या बुलढाणा जिल्ह्यासारख्या पश्चिम विदर्भातील प्रदेशांत या विषयाला सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे.

परिदंत ऊतक आणि विकाराचा क्रम

दात जबड्याच्या हाडात थेट रुतलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाडाची खोबण यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंचा बंध असतो व वरून हिरडी त्याला वेढून असते. हिरडी, तंतुबंध, मुळावरील पातळ कठीण आवरण आणि खोबणीचे हाड या चार घटकांना मिळून परिदंत ऊतक म्हणतात.

दातांवर काही तासांतच जिवाणूंचा चिकट थर जमू लागतो. तो काढला गेला नाही, तर हिरडी लाल होते, सुजते आणि घासताना रक्त येते. डेन्मार्कमध्ये १९६५ साली हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवण्यास सांगून हा क्रम प्रयोगाने दाखवला. सफाई पुन्हा सुरू केल्यावर काही दिवसांतच हिरड्या पूर्ववत झाल्या. या अवस्थेला हिरडीदाह म्हणतात आणि तो पूर्णपणे बरा होतो.

पुढील अवस्था वेगळी आहे. दाह खोलवर गेला की हिरडीची दाताशी असलेली पकड सुटते, दोहोंच्या मध्ये पोकळी तयार होते आणि हाड झिजू लागते. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. मात्र हिरडीदाह झालेल्या प्रत्येकाला ही अवस्था येतेच असे नाही. लो यांनीच श्रीलंकेतील चहामळ्यांतील ४८० पुरुष मजुरांचे १९७० ते १९८५ या काळात निरीक्षण केले. दात घासण्याची सवय नसलेल्या या मजुरांच्या तोंडात जिवाणूंचा थर व किटण भरपूर होते. तरीही सुमारे ८ टक्के मजुरांमध्ये आधाराचा ऱ्हास झपाट्याने झाला, ८१ टक्क्यांमध्ये मध्यम गतीने झाला, तर ११ टक्क्यांमध्ये विकार हिरडीदाहाच्या पुढे गेलाच नाही. जिवाणू सर्वांच्या तोंडात असूनही परिणाम इतके भिन्न का, या प्रश्नाचे उत्तर शरीराच्या प्रतिसादात शोधावे लागते. ताणाचा विचार येथूनच सुरू होतो.

ताणाची शरीरक्रिया

ताणाची आधुनिक वैद्यकीय संकल्पना हान्स सेली यांच्या १९३६ मधील लेखापासून रूढ झाली. धोक्याची जाणीव होताच मेंदूतील अधश्चेतक, पीयूषिका ग्रंथी आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी यांची साखळी कार्यान्वित होते व रक्तात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढते. त्याच वेळी अनुकंपी चेतासंस्था ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन सोडते. संकट टळले की ही पातळी खाली येते. हंगामामागून हंगाम चालणाऱ्या काळजीत मात्र ती नीट खाली येत नाही, किंवा तिचा दैनंदिन चढउतार बिघडतो.

येथे एक विसंगती भासते. कॉर्टिसोल हे मूलतः दाह कमी करणारे संप्रेरक आहे. त्याच वर्गातील औषधे दमा आणि संधिवात यांवर दाहशामक म्हणून दिली जातात. मग ताणग्रस्त माणसाच्या हिरड्यांचा दाह वाढावा कसा? या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत दिले जाते. पहिले म्हणजे, सतत वाढलेल्या कॉर्टिसोलमुळे रोगप्रतिकारक पेशींची त्याला प्रतिसाद देण्याची क्षमता मंदावते. संप्रेरक रक्तात असते, पण दाह थांबवण्याचा त्याचा संदेश पेशींपर्यंत परिणामकारकपणे पोहोचत नाही. या स्थितीला ग्लुकोकॉर्टिकॉइड प्रतिरोध म्हणतात. परिणामी इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६ आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर अल्फा यांसारखी दाहकारक प्रथिने आवश्यकतेपेक्षा अधिक काळ स्रवत राहतात. दुसरे म्हणजे, जिवाणूंना आरंभीच रोखणारी संरक्षणव्यवस्था याच काळात दुबळी होते. थोडक्यात, संरक्षण अपुरे आणि दाह मात्र अवाजवी, अशी दुहेरी हानी होते. परिदंत विकारातील बहुतांश नुकसान जिवाणूंनी थेट केलेले नसून शरीराच्या स्वतःच्या दाहप्रक्रियेने केलेले असते, त्यामुळे हा बिघाड विशेष महत्त्वाचा ठरतो.

जखम भरून येण्यावरही ताणाचा परिणाम होतो. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटर व्यासाची छोटी जखम दोनदा करण्यात आली: एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या काळातील जखम भरून येण्यास सरासरी ३ दिवस अधिक लागले. विद्यार्थी तेच होते आणि जखमही तेवढीच होती.

हाडाची झीज

हाड ही स्थिर वस्तू नाही. अस्थिभंजक पेशी जुने हाड विरघळवतात आणि अस्थिजनक पेशी नवे हाड रचतात. निरोगी अवस्थेत दोन्ही कामे समतोल असतात. हा समतोल मुख्यतः दोन प्रथिनांवर अवलंबून असतो. रँकल हे प्रथिन अस्थिभंजक पेशींच्या निर्मितीला चालना देते, तर ऑस्टिओप्रोटेजेरिन हे रँकलला अडवून धरते. दाहग्रस्त हिरडीत रँकलचे प्रमाण वाढते व तराजू झिजेच्या बाजूला झुकतो.

कॉर्टिसोल जातीची संप्रेरके दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास रँकल वाढते, ऑस्टिओप्रोटेजेरिन घटते आणि अस्थिजनक पेशींचे काम मंदावते. स्टेरॉइड औषधे अनेक महिने घेणाऱ्या रुग्णांची हाडे ठिसूळ होतात, त्यामागे हीच यंत्रणा आहे. अनुकंपी चेतासंस्थेचे संदेशही अस्थिजनक पेशींमार्फत रँकलची निर्मिती वाढवतात. प्रयोगशाळेतील उंदीरवर्गीय प्राण्यांमध्ये परिदंत विकार निर्माण करून त्यांना सतत ताणाखाली ठेवले असता हाडाची झीज अधिक झाल्याचे आढळले आहे. औषधांची मात्रा किंवा प्राण्यांवरील प्रयोगातील ताण ही टोकाची उदाहरणे असल्याने माणसाच्या रोजच्या विवंचनेशी त्यांची सरळ बरोबरी करता येत नाही, हे ध्यानात घ्यावे लागते.

सवयींतून होणारा परिणाम

ताण केवळ संप्रेरकांतूनच दातांपर्यंत पोहोचत नाही. काळजीत असलेल्या माणसाची झोप व आहार बिघडतो, रात्रीचे दात घासणे सुटते आणि दंतवैद्याकडे जाणे पुढे ढकलले जाते. तंबाखू आणि मद्य यांचे प्रमाण वाढते. कित्येक अभ्यासकांच्या मते प्रत्यक्षात हा मार्ग संप्रेरकांच्या मार्गाइतकाच, किंबहुना अधिक, प्रभावी असावा.

झोपेत किंवा नकळत दातांवर दात आवळणे हीही ताणाशी जोडलेली सवय आहे. तिच्यामुळे दात झिजतात आणि जबडा दुखतो. परंतु निरोगी हिरडीत तेवढ्यानेच परिदंत विकार सुरू होत नाही. आधीच आधार कमी झालेला दात मात्र या दाबाने अधिक हलू लागतो.

संशोधन आणि मतभेद

पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांमध्ये हिरड्या कुजून अतिशय वेदना होण्याचा विकार मोठ्या प्रमाणावर आढळला व त्यास ‘खंदकी तोंड’ असे नाव पडले. अस्वच्छता, कुपोषण, धूम्रपान आणि तीव्र ताण यांचा तो एकत्रित परिणाम होता. या ऊतकनाशी प्रकारात ताण हा पूरक कारणघटक असल्याचे आजही मान्य आहे.

सर्वसामान्य परिदंत विकाराबाबत रॉबर्ट जेन्को व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या ईरी काउंटीत केलेला, १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पायाभूत समजला जातो. त्यात २५ ते ७४ वयोगटातील १,४२६ व्यक्तींची तपासणी झाली. वय, लिंग आणि धूम्रपान यांचा प्रभाव वगळल्यानंतर दैनंदिन ताणांपैकी केवळ आर्थिक ताणाचा संबंध हाडाच्या झिजेशी व हिरडीची पकड सुटण्याशी आढळला. अशा व्यक्तींमध्ये विकाराची शक्यता सुमारे १.७ पट होती. अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे. आर्थिक ताण असूनही जे लोक अडचणीवर प्रत्यक्ष उपाय शोधण्याच्या वृत्तीचे होते, त्यांच्यात ही वाढीव जोखीम दिसली नाही. केवळ भावनिक पातळीवर ताण झेलत राहणाऱ्यांमध्ये ती सर्वाधिक होती.

तथापि हा एका वेळी केलेला पाहणी-अभ्यास होता. ताण आधी आला की दातांचा त्रास, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात १४ अभ्यास तपासले गेले. त्यांपैकी ८ अभ्यासांत संबंध आढळला, ४ अभ्यासांत निष्कर्ष संमिश्र होते आणि २ अभ्यासांत संबंध आढळला नाही. प्रत्येक अभ्यासात ताण मोजण्याची रीत निराळी असणे हे या विसंगतीचे एक कारण आहे. २०१७ च्या जागतिक कार्यशाळेने ठरवलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात विकाराची गती ठरवताना धूम्रपान आणि मधुमेह यांना जोखीमघटक म्हणून स्थान आहे. ताणाला तसे स्थान दिलेले नाही.

बुलढाणा जिल्हा आणि पश्चिम विदर्भ

बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २५,८६,२५८ असून जवळपास चार पंचमांश लोक ग्रामीण भागात राहतात. कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके असून शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. पेरणीसाठी काढलेले कर्ज, पावसाचा खंड आणि पडलेले बाजारभाव यांचे चक्र दरवर्षी फिरते. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने जुलै २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व वर्धा यांच्यासोबत बुलढाण्याचा समावेश होता. राज्य शासनाने २०१५ साली विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ हाती घेतला. येथील ताण हा ईरी काउंटीतील अभ्यासाने अधोरेखित केलेल्या आर्थिक प्रकाराचाच आहे. अर्थात तेथील आकडे येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. दोन्ही समाजांचा आहार, तंबाखूचे प्रकार आणि उपचारांची उपलब्धता भिन्न आहे.

तंबाखूचा मुद्दा विदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा गावोगावी खाल्ला जातो. स्त्रियांमध्ये मशेरी किंवा तंबाखूयुक्त दंतमंजन लावण्याची सवय आढळते. ते दात स्वच्छ करण्याचे साधन समजले जात असल्याने व्यसन म्हणून त्याकडे पाहिले जात नाही. तंबाखूची गोळी जेथे धरली जाते, तेथील हिरडी खाली सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. काळजी वाढली की खर्राही वाढतो, त्यामुळे ताण आणि तंबाखू यांचे परिणाम वेगळे काढणे अवघड होते.

जिल्ह्याच्या उत्तरेकडील जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव व नांदुरा या तालुक्यांचा काही भाग पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. दातांच्या तक्रारींचे खापर तेथे पाण्यावर फोडले जाणे स्वाभाविक आहे. पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे दातांच्या कवचावर पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात हे खरे. परंतु फ्लोरोसिस हा लहानपणी दात घडत असताना होणारा, कवचाचा विकार आहे. प्रौढ वयात हिरडीतून रक्त येणे आणि दात हलणे यांचे कारण सहसा निराळे असते.

लक्षणे आणि उपचार

घासताना रक्त येणे, तोंडाची दुर्गंधी, हिरडी खाली सरकून दात लांब दिसणे, दातांत फटी पडणे आणि शेवटी दात हलणे ही लक्षणे होत. विकार बराच काळ दुखत नाही, त्यामुळे रुग्ण बहुधा दात हलू लागल्यावरच येतो. निदानासाठी हिरडी व दात यांमधील खोली बारीक सळईने मोजतात; ३ मिलिमीटरपर्यंतची खोली सामान्य मानली जाते. हाडाची झीज क्ष-किरण चित्रात दिसते.

मूळ उपचार म्हणजे किटण काढणे आणि हिरडीखालील मुळांची सफाई. सफाईमुळे दात सैल होतात, हा समज चुकीचा आहे. किटणाने झाकलेली, आधीच झालेली झीज ते निघाल्यावर केवळ उघड होते. खोल पोकळ्यांसाठी शस्त्रक्रिया करावी लागते. त्यानंतर ठरावीक अंतराने, गंभीर रुग्णांत दर तीन महिन्यांनी, तपासणी आवश्यक असते. मधुमेहाची तपासणी आणि तंबाखू सोडणे हे उपचाराचेच भाग आहेत.

ताण कमी केल्याने झिजलेले हाड परत येत नाही आणि समुपदेशन हा दातांच्या सफाईला पर्याय नाही. मात्र उपचार करूनही अपेक्षित सुधारणा नसलेल्या रुग्णास झोप, काळजी आणि कर्जाची स्थिती यांविषयी विचारणे उपयुक्त ठरते, कारण घरची निगा का सुटली याचे उत्तर अनेकदा तेथे सापडते. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू असून ती मराठीतही उपलब्ध आहे.