गहाणकर्ज, मावळातील

शेतजमीन वा राहते घर तारण म्हणून लावून काढलेल्या कर्जास गहाणकर्ज म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील मावळ या डोंगराळ, अतिपर्जन्याच्या व प्रामुख्याने भातशेतीच्या प्रदेशात अशा कर्जाची परंपरा जुनी आहे. येथील कुटुंबांच्या सु. दीडशे वर्षांच्या अनुभवावरून असे दिसते, की गहाणखतावरील आकडा स्थिर असला, तरी कर्जाचे खरे ओझे स्थिर नसते. कर्ज काढल्याचा दिवस व फेडीचा दिवस यांदरम्यान किंमती आणि उत्पन्न कोणत्या दिशेने सरकतात व त्या बदलाची झळ धनकोने सोसावयाची की ऋणकोने, यांवर ते अवलंबून असते.

जुनी पद्धती : भाताचे एकच पीक हाती येणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यास पावसाळ्यात खाण्यासाठी व बियाण्यासाठी कर्ज काढावे लागे. धान्यरूप खावटी सवाईने वा दिढीने, म्हणजे घेतलेल्या धान्याच्या सव्वा वा दीड पट, सुगीला परत करावयाची असे. हे व्याज जबर असले, तरी देणे धान्यातच असल्याने बाजारभावाच्या चढउताराचा त्यावर परिणाम होत नसे. पावसाळ्यातील चढ्या भावाने हेच धान्य रुपयांत मांडले आणि सुगीतील पडत्या भावाने फेडून घेतले, म्हणजे व्याजाव्यतिरिक्त भावातील फरकही ऋणकोच्या माथी बसे. कर्ज फिटेनासे झाले, की जमीन गहाण पडे. ताबा ऋणकोकडेच राहिल्यास नजरगहाण, धनकोकडे गेल्यास ताबेगहाण आणि ठरल्या मुदतीत रक्कम न फेडल्यास विक्री कायम होईल, असा करार असल्यास मुदत खरेदी, असे त्याचे प्रकार होते. थकलेले व्याज कोणत्याही एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक मागता येऊ नये, हा हिंदू विधीतील दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये मानीत.

मंदी व ऋणनिवारण : ब्रिटिश अमदानीत रयतवारी पद्धतीनुसार शेतसारा रोखीने भरणे भाग पडले. १८५९ च्या मुदतविषयक अधिनियमाने साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता; प्रत्यक्षात मुदत संपण्यापूर्वी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले आणि दामदुपटीचा बांध त्यामुळे कुचकामी ठरला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाबरोबर इतर शेतमालाचेही भाव चढले व पतही वाढली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले. चढत्या भावाच्या भरवशावर काढलेली कर्जे पडत्या भावाने फेडावी लागली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला व अनेक गावी कर्जरोखे जाळण्यात आले. दंग्यांचा जोर जिल्ह्याच्या कोरडवाहू पूर्व भागात होता. तथापि त्यांतून निर्माण झालेला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम मावळासह सर्व पुणे जिल्ह्यास लागू झाला. रोख्यावरील आकडा अंतिम न मानता मूळ व्यवहारापासून हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला आणि खास गहाण न टाकलेल्या जमिनीची कर्जापायी विक्री करण्यास मनाई झाली. त्याची पळवाट म्हणून सावकार आरंभीच गहाणखत वा खरेदीखत लिहून घेऊ लागले.

मुळशीचा प्रसंग : लोणावळे, वळवण व शिरवते येथील तलाव आणि खोपोलीचे वीजकेंद्र (१९१५) यांनंतर टाटांच्या वीजयोजनेने मुळशी खोऱ्यातील नीला-मुळा संगमाची जागा निवडली. १६ एप्रिल १९२१ रोजी सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहात पां. म. ऊर्फ सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे हे प्रमुख होते. बुडणाऱ्या जमिनींपैकी पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या वा त्यांच्या मालकीच्या झाल्या होत्या. १८९४ च्या भूमिसंपादन अधिनियमानुसार भरपाई हितसंबंधी व्यक्तींना द्यावयाची असे व गहाणदार हा तसा हितसंबंधी होता. त्यामुळे भरपाईच्या रकमेत सावकारांना आपले येणे वसूल होण्याची शक्यता दिसत होती, तर मावळ्यांना जमीन हवी होती. या भेदामुळे चळवळीत फूट पडली. रोख भरपाई एकदाच मिळते व तिची क्रयशक्ती भाववाढीने घटते. जमीन मात्र दरवर्षी भात देते. मावळ्यांचा आग्रह याही दृष्टीने सयुक्तिक होता.

युद्धकालीन चलनवाढ : पहिल्या महायुद्धाच्या काळात किंमती जवळजवळ दुप्पट झाल्या, १९२९ नंतरच्या महामंदीत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले आणि दुसऱ्या महायुद्धात किंमती पुन्हा अडीच पटींच्या आसपास गेल्या. विकण्याइतके भात ज्याच्याकडे उरे, त्याचे जुने कर्ज तेजीत हलके झाले. ज्याला वर्षभर धान्य विकत घ्यावे लागे, त्या अल्पभूधारकास तेजीनेही तारले नाही. १९३५ मध्ये स्थापन झालेली प्रांतिक भूतारण बँक, १९३९ व १९४७ चे शेतकरी ऋणनिवारण अधिनियम आणि १९४६ चा सावकारी अधिनियम ही या चढउतारांची फलिते होत.

गृहकर्जाचा उदय : गृहनिर्माणासाठी हुडको (१९७०), हसमुखभाई पारेख यांनी स्थापन केलेली एचडीएफसी (१९७७) व राष्ट्रीय आवास बँक (१९८८) या संस्था निघाल्या. एचडीएफसीने गृहवित्ताचे प्रशिक्षण केंद्र लोणावळे येथेच उभारले. पिंपरी-चिंचवड व तळेगावचे कारखाने आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग यांमुळे तळेगाव, वडगाव, कामशेत व लोणावळे या पट्ट्यात घरे वाढली आणि भाताच्या खावटीची जागा पगारातून फेडावयाच्या मासिक हप्त्याने घेतली.

व्याजदर स्थिर असेल, तर चलनवाढ ऋणकोस अनुकूल ठरते. भाववाढ वार्षिक ६ टक्के असून पगार तिच्याबरोबर वाढत गेल्यास हप्त्याचे ओझे सु. बारा वर्षांत निम्मे होते. मात्र पुढे गृहकर्जे बव्हंशी बदलत्या दराची झाली व भाववाढीचा धोका धनकोकडून पुन्हा ऋणकोकडे आला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६·५ टक्क्यांवर नेला. वीस वर्षांच्या मुदतीच्या २५ लाख रुपयांच्या कर्जाचा मासिक हप्ता ७ टक्के दराने सु. १९,३८० रु., तर ९·५ टक्के दराने सु. २३,३०० रु. येतो. हप्ता न वाढविल्यास ९·५ टक्के दराने पहिल्या महिन्याचे व्याजच सु. १९,७९० रु. होते, म्हणजे हप्ता भरूनही कर्ज वाढत जाते. व्याज मुद्दलात मिळविणाऱ्या जुन्या रोख्याचेच हे नवे रूप होय. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने मुदतवाढीतून असे कर्ज फुगू देण्यास मनाई केली आणि दर बदलताना हप्ता वा मुदत यांपैकी काय वाढवावयाचे, याची निवड व स्थिर दराकडे वळण्याचा पर्याय ऋणकोस देण्याचे बंधन घातले.

कौटुंबिक अर्थसंरक्षण : २००२ च्या सरफेसी अधिनियमानुसार कर्ज थकल्यास साठ दिवसांच्या नोटिशीनंतर धनको संस्था न्यायालयात दावा न लावता तारणाचा ताबा घेऊ शकते. शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. खास गहाण टाकलेल्या राहत्या घरास ती सवलत नाही. म्हणून दर दोनअडीच टक्क्यांनी चढला तरी झेपेल एवढेच कर्ज काढणे, काही महिन्यांचे हप्ते व घरखर्च भागेल इतकी शिल्लक वेगळी राखणे आणि जादा रक्कम आरंभीच्या वर्षांत मुद्दलात भरणे इष्ट ठरते. वैयक्तिक ऋणकोच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारण्यास बँकांना २०१२ पासून मनाई आहे. जमीन विकून आलेली सर्व रक्कम ठेवीत गुंतविणाऱ्या कुटुंबाने ठेवीच्या व्याजातून भाववाढ वजा करून उरणारे उत्पन्नच आपले मानावयास हवे. रोख्याचा हिशेब मुळापासून तपासण्याचा जो हक्क १८७९ मध्ये शेतकऱ्यास कायद्याने मिळाला, तो गृहकर्जाच्या वार्षिक विवरणपत्राबाबत ऋणकोने स्वतःच बजावणे, हा या इतिहासाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.