गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस

गुडघ्याच्या सांध्यातली कूर्चा विरत जाणे, तिच्याखालचे हाड कडक होणे, सांध्याच्या कडेने हाडाचे कंगोरे फुटणे आणि आतले अस्तर अधूनमधून सुजणे, या सगळ्यांतून उद्भवणारा दीर्घकालीन विकार. घरात त्याला ‘गुडघ्याचा वात’ किंवा ‘गुडघे झिजलेत’ म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर तो ‘ओए नी’ असा उतरतो. २०२० साली जगभरात सुमारे ५९ कोटी ५० लाख लोकांना कुठल्या ना कुठल्या सांध्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस होता आणि त्यांत गुडघ्याचा क्रमांक पहिला होता. तो मुळापासून बरा करणारे औषध अजून निघालेले नाही. तरीही त्याच्यासह हिंडते-फिरते आयुष्य जगता येते. ते ज्यामुळे जमते त्या उपायांतला पहिला उपाय म्हणजे मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम, आणि दुर्दैवाने तोच सर्वांत जास्त टाळला जातो.

गुडघ्यात मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि पुढची वाटी एकत्र येतात. हाडांची टोके काही मिलिमीटर जाडीच्या गुळगुळीत कूर्चेने मढवलेली असतात आणि दोन हाडांमध्ये धक्का सोसणाऱ्या दोन अर्धगोल चकत्या असतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. त्यामुळे ती स्वतः दुखत नाही. वेदना येते ती खालच्या हाडातून, सुजलेल्या अस्तरातून आणि ताणलेल्या आवरणातून. रक्तपुरवठा नसल्यामुळे तिची डागडुजीही नीट होत नाही. लंडनचे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच हे नोंदवून ठेवले होते. कूर्चेला पोषण मिळते ते सांध्यातल्या द्रवातून. चालताना ती स्पंजासारखी दाबली जाते आणि दाब सुटला की द्रव आत शोषून घेते. दुखतो म्हणून गुडघा महिनोन्महिने हलवायचाच नाही, असे करणारा माणूस त्याची ही रसदच तोडत असतो.

वय हे मोठे कारण आहे, पण एकमेव नव्हे. पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी गेल्यावर, बायकांमध्ये हा विकार पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. जास्त वजन, तरुणपणी झालेली लिगामेंटची किंवा चकतीची दुखापत, आनुवंशिकता आणि पायांची ठेवण यांचाही वाटा असतो. भारतीय रुग्णांत बहुधा सांध्याच्या आतल्या बाजूची जागा आधी कमी होते. गुडघे एकमेकांपासून दूर जातात, पाय बाकदार दिसू लागतात आणि तो बाक आतल्या बाजूवरचा भार आणखी वाढवतो.

बसण्या-उठण्याच्या सवयींचा प्रश्न मराठी वाचकाला जवळचा वाटेल. बीजिंगमधल्या वृद्धांची अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या वृद्धांशी तुलना करणारा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. चिनी बायका अमेरिकी बायकांपेक्षा सडपातळ असूनही त्यांच्यात गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस अधिक निघाला. तरुणपणी दिवसाचे काही तास उकिडवे बसण्यात घालवलेल्यांमध्ये त्याचे प्रमाण वाढलेले दिसले. चिखलात वाकून भाताची लावणी करणारी, उकिडवे बसून भांडी घासणारी, विळीवर भाजी चिरणारी कोकणातली किंवा देशावरची बाई यात स्वतःला सहज ओळखेल. अर्थात मांडी घालून बसणारा प्रत्येक जण या विकाराकडे जातोच असे नाही. धोका असतो तो वर्षानुवर्षे, तासन्‌तास, बहुधा ओझ्यासह गुडघा पूर्ण दुमडून काम करण्यात.

दुखणे बहुधा जिन्यावर लक्षात येते. चढताना जाणवते त्याहून उतरताना जास्त. एसटीच्या लांब प्रवासानंतर स्टँडवर उतरले की पहिली चार पावले अवघडून पडतात, मग पाय मोकळा होतो. सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत जातो. तो तासभर किंवा जास्त टिकत असेल आणि बोटांचे सांधेही सुजत असतील, तर आमवाताची तपासणी करावी लागते. त्याचे उपचार वेगळे असतात आणि ते लवकर सुरू होणे फार महत्त्वाचे असते. गुडघा अचानक लाल, गरम होऊन सोबत ताप आला, तर तो सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी घरी शेकत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नुसती करकर किंवा कटकट ऐकू आली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. न दुखणारे गुडघेही वाजतात.

निदान मुख्यतः रुग्णाची हकीकत ऐकून आणि गुडघा हाताळून होते. एक्स-रे काढायचाच तर उभ्याने काढावा. आडवे पडून काढलेल्या फोटोत भार नसल्यामुळे सांध्यातली जागा खोटीच मोठी दिसते. केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ साली ठरवलेली ० ते ४ अशी प्रतवारी आजही वापरात आहे. ‘तुमचा चौथ्या स्टेजचा गुडघा आहे’ हे वाक्य तिच्यातूनच येते आणि ऐकणाऱ्याचे पाय तिथेच गळतात. पण फोटो आणि वेदना यांचा मेळ सैल असतो. चौथ्या प्रतीचा गुडघा घेऊन बाजारहाट करणारी माणसे असतात आणि दुसऱ्या प्रतीच्या गुडघ्याने झोप उडालेलीही असतात. उपचार फोटोवर करायचे नसतात, माणसावर करायचे असतात. एमआरआयची बहुतेकांना गरज नसते. साठीच्या पुढच्या कितीतरी न दुखणाऱ्या गुडघ्यांतही त्यात चकती फाटलेली दिसते आणि विनाकारण ऑपरेशनचा विषय निघतो.

व्यायामाची सुरुवात पलंगावर होते. पाय पसरून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. दाब बरोबर बसला तर वाटी किंचित वर सरकलेली दिसते आणि मांडीचा पुढचा स्नायू हाताला टणक लागतो. पाच आकडे मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे, असे दहा वेळा. काही दिवसांनी दुसरा व्यायाम: उताणे निजून एक पाय दुमडायचा, दुसरा ताठ ठेवून वीत-दीड वीत उचलायचा आणि सावकाश खाली आणायचा. तिसरा, आणि रोजच्या जगण्याला सर्वांत उपयोगी, म्हणजे हात छातीवर बांधून खुर्चीतून उठणे आणि धपकन न पडता परत बसणे. सुरुवातीला बसकण उंच हवी, म्हणून खुर्चीवर उशी ठेवतात. ताकद आली की उशी काढतात. व्यायाम करताना थोडे दुखले तर हरकत नाही. दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरत नसेल तर मात्रा कमी करायची, व्यायाम सोडायचा नाही.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पुष्कळ जण पंधराव्या दिवशीच ‘काही फरक नाही’ म्हणून थांबतात, आणि त्यांना तसे सोडून देणाऱ्या व्यवस्थेचाही यात दोष आहे. गोळीची चिठ्ठी दोन मिनिटांत लिहून होते, व्यायाम शिकवायला अर्धा तास लागतो. डेन्मार्कमध्ये २०१३ साली ‘ग्लॅड’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात रुग्णांना आधी विकार समजावून सांगतात, मग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सहा आठवड्यांत बारा वेळा व्यायाम करवून घेतात. पुढे तो कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही गेला. व्यायामाने वेदना नाहीशी होत नाही, सरासरी गुण मध्यमच असतो हे खरे. पण तो वेदनाशामक गोळ्यांच्या तोडीचा असतो आणि त्याची किंमत मूत्रपिंडाला मोजावी लागत नाही.

वजनाचा हिशेब तर थेट आहे. गुडघेदुखी असलेल्या स्थूल वृद्धांवरच्या अभ्यासात असे दिसले, की एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. फ्रॅमिंगहॅमच्याच १९९२ सालच्या अहवालात, दहा वर्षांत साधारण पाच किलो वजन उतरलेल्या बायकांमध्ये दुखऱ्या गुडघ्यांचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे आढळले. दुखतो म्हणून चालणे बंद, चालणे बंद म्हणून वजन वाढते, अशा फेऱ्यात अडकलेल्यांसाठी २०२४ साली नवी माहिती पुढे आली. सेमाग्लुटाइडचे आठवड्याला एक इंजेक्शन ६८ आठवडे दिलेल्या गटाचे वजन सरासरी १३.७ टक्के घटले आणि गुडघेदुखीही नकली औषध घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त कमी झाली. अभ्यासात ४०७ जण होते आणि सगळेच स्थूल होते. सडपातळ माणसाच्या गुडघ्याबद्दल त्यातून काही निष्पन्न होत नाही.

घरातले बदल लहान वाटतात, पण दिवस तेच सोपा करतात. भारतीय संडासावर ठेवायची कमोड खुर्ची, न्हाणीघरात भिंतीला पकडायची दांडी, पाटाऐवजी टेबलावर जेवण, बैठी पूजा स्टुलावर. जिना चढताना आधी चांगला पाय वर टाकावा, उतरताना आधी दुखरा पाय खाली ठेवावा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक जण ती नेमकी दुखऱ्या बाजूला धरतात आणि तिचा निम्मा फायदा घालवतात.

ज्येष्ठ सरता सरता अनेक दवाखान्यांत एक प्रश्न हमखास येतो: वारीला जाऊ का? आळंदी ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. एरवी घराबाहेर न पडणाऱ्याने एकदम रोजची पंधरा-वीस किलोमीटरची चाल धरली तर गुडघा सुजणारच. दोन-तीन महिने आधीपासून अंतर वाढवत नेले, मऊ तळाचे बूट घेतले आणि अवघड टप्पे वाहनाने केले, तर मध्यम दुखण्याचे कितीतरी वारकरी नेमाने जाऊन येतात.

औषधांत पहिला मान मलमाला द्यावा. डायक्लोफेनॅकचे जेल गुडघ्यावर चांगले काम करते आणि रक्तात फारच थोडे उतरते. पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या सुजेच्या दिवसांत थोड्या काळापुरत्या उपयोगी असतात. रक्तदाब, हृदयविकार, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. नाव-घटक न छापलेल्या ‘जालीम’ पुड्यांपासून मात्र कटाक्षाने दूर राहावे. त्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेले असते; आठवड्यात जादूसारखा आराम पडतो आणि काही महिन्यांत साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन यांची अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर चाचणी झाली. २००६ साली आलेल्या तिच्या निकालात एकंदर रुग्णांमध्ये ती नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. तरी महागड्या डब्यांचा खप चालूच आहे.

इंजेक्शनांबाबतही सावध राहावे. स्टेरॉइडचे एखादे इंजेक्शन सुजलेल्या गुडघ्याला काही आठवड्यांचा दिलासा देते. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर तीन महिन्यांनी, दोन वर्षे ते दिले तेव्हा वेदनेत फरक पडला नाही, उलट कूर्चा जास्त गेली. रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या पीआरपीची ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर चाचणी झाली. २०२१ सालच्या निकालानुसार वर्षअखेरीस ते मिठाच्या पाण्याहून वेगळे ठरले नाही. दुर्बिणीतून गुडघा ‘साफ करण्याची’ शस्त्रक्रिया २००२ साली ह्यूस्टनच्या अभ्यासात उघडी पडली. १८० रुग्णांपैकी काहींना नुसत्या वरवरच्या चिरा दिल्या होत्या, त्यांनाही खऱ्या शस्त्रक्रियेइतकाच आराम पडला. झिजलेल्या गुडघ्यासाठी ही शस्त्रक्रिया आता सुचवली जात नाही.

सांधेरोपणाचा इतिहास बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुक यांच्यापासून सुरू होतो. १८९० साली त्यांनी हस्तिदंती बिजागरीचा गुडघा बसवला. जंतुसंसर्गाने तो प्रयत्न फसला. आजच्या गुडघ्याचा पाया १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये घातला गेला. जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टोटल कॉन्डिलर’ गुडघा घडवला आणि त्या सहकाऱ्यांत मध्य प्रदेशातून तिकडे गेलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते. याच राणावतांनी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्याची ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्याची जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया केली. रोजच्या बातम्यांमुळे हे ऑपरेशन घराघरांत पोहोचले. परवडण्याचा प्रश्न मात्र उरला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या दरांवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा संच सरासरी दीड लाखांच्या पुढे विकला जात होता, तो कर वगळून ५४,७२० रुपयांवर आला.

‘वाटी बदलली’ असे लोक म्हणतात, पण प्रत्यक्षात दोन्ही हाडांची झिजलेली टोके काही मिलिमीटर कापून त्यांवर धातू बसवतात आणि मधे पॉलिथिलीनचा तुकडा ठेवतात. वाटी पुष्कळदा तशीच राहते. झीज एकाच बाजूला असेल तर अर्धा गुडघा बदलता येतो. रुग्ण तरुण असेल तर नडगीचे हाड कापून पायाचा बाक सरळ करता येतो. पूर्ण रोपण केलेल्या दर शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ८२ पंचवीस वर्षे टिकतात. तरीही पाचांतला साधारण एक जण नंतर समाधानी नसतो, बहुधा अपेक्षा फार असतात म्हणून किंवा मूळ दुखणे फारसे नव्हतेच म्हणून. डेन्मार्कमध्ये २०१५ साली शंभर रुग्णांवर झालेली तुलना याबाबत मोलाची आहे. ऑपरेशन झालेल्यांना गुण कितीतरी जास्त आला. मात्र त्यांच्यात गंभीर गुंतागुंतही जास्त झाली, आणि नुसते व्यायाम, आहार व औषध दिलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोकांना वर्षभरात ऑपरेशनची गरज पडली नाही. रात्रीची झोप मोडते, घरातल्या घरात चालणे अवघड झाले आहे आणि तीन-चार महिने मनापासून केलेल्या व्यायामानेही भागत नाही, अशा माणसाने ऑपरेशन लांबवू नये.

ऑपरेशननंतर बहुतेक रुग्णांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. पहिल्या सहा आठवड्यांत गुडघा वाकवण्याचे आणि पूर्ण सरळ करण्याचे व्यायाम दुखले तरी करावे लागतात, कारण त्या काळात आखडलेला गुडघा पुढे सहसा मोकळा होत नाही. मांडीचे स्नायू आधीच कमावलेले असतील तर हे दिवस सोपे जातात. चालणे, जिना, सायकल, पोहणे परत सुरू होते. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसणे बहुतेक शल्यविशारद टाळायला सांगतात. नव्या गुडघ्यात कित्येक वर्षांनीही अचानक वेदना, लाली किंवा स्राव दिसला तर आपल्या मनाने अँटिबायोटिक सुरू करू नये. आधी शल्यविशारदाला दाखवून सांध्यातले पाणी तपासून घ्यावे लागते.